डमारालँड कॅम्प

डमारालँड कॅम्प : नामिबियाच्या वायव्य भागात, कुनेने प्रदेशातील हुआब नदीच्या खोऱ्याजवळचा पर्यटक-निवास. तो ‘तोरा कन्झर्व्हन्सी’ या ग्रामसमुदायाच्या राखीव क्षेत्रात आहे. वाइल्डरनेस सफारीज ही कंपनी आणि स्थानिक लोक यांच्या करारातून १९९६ मध्ये तो सुरू झाला.

येथील अनेक कुटुंबे मूळची दक्षिण आफ्रिकेतील रीमफासमाकची. तेव्हा नामिबियाही दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यात होता; तिथल्या वर्णभेदी राजवटीने १९७३-७४ च्या सुमारास त्यांना गावातून उठवून या रुक्ष मुलखात आणून टाकले. पुढे १९८० च्या सुमारास दुष्काळाने गुरे मेली, तर चोरट्या शिकारीने हत्ती आणि काळे गेंडे संपत आले. तेव्हा वन्यजीव-संरक्षक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावप्रमुखांच्या मदतीने स्थानिक माणसांनाच राखणदार नेमले. पण वन्यप्राण्यांपासून कमाई करण्याचा कायदेशीर हक्क होता तो खाजगी शेतमालकांना, म्हणजे मुख्यतः गोऱ्यांना. स्वतंत्र नामिबियाने १९९६ च्या कायदादुरुस्तीने तो सामुदायिक जमिनीवरील रहिवाशांनाही दिला. १९९८ मध्ये नोंदल्या गेलेल्या पहिल्या चार कन्झर्व्हन्सींपैकी तोरा ही एक. तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे २००४ चे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

सिंहांच्या कळपांची रेलचेल पाहायची असेल, तर पाहुण्याने इथे येऊ नये. पाऊस जेमतेम, त्यामुळे प्राणी विरळ आणि दूरवर पांगलेले. पहाटे निघालेली गाडी हुआबच्या कोरड्या पात्रातून हत्तींचा माग काढत तासन्‌तास फिरते. हे हत्ती वाळवंटात तगून राहायला शिकलेले. चारा-पाण्यासाठी लांबच लांब पल्ले मारतात. वाटेत ओरिक्स आणि स्प्रिंगबॉक ही हरणांसारखी जनावरे, तसेच पहाडी झेब्रे दिसतात. कॅम्पमधले बहुतेक कर्मचारी आसपासचेच असतात, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी त्यांच्याकडून ऐकायला मिळते ती या मुलखाची खरी माहिती.

मुक्कामाच्या भाड्यातला ठरावीक वाटा कन्झर्व्हन्सीला जातो. राखणदारांचे पगार व गावाची कामे त्यातून चालतात. हा हिशेब सरळ नाही. हत्ती पाण्याच्या टाक्या फोडतात, बिबटे शेळ्या नेतात, आणि ज्याची शेळी गेली त्याच्या हाती भाड्याचा पैसा पडेलच असे नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे पर्यटक थांबले, तेव्हा नामिबियाभरच्या कन्झर्व्हन्सींचे उत्पन्न आटले. परवान्याने होणारी मर्यादित शिकार हेही तोराच्या उत्पन्नाचे एक साधन राहिले आहे. पर्यटकांसाठीच्या रंगीत माहितीपत्रकांत या शिकारीचा उल्लेख सहसा सापडत नाही.