लाल विंचू, गार पडलेले पाय आणि प्राझोसिन

कोकणात विंचू चावलेला माणूस आज दवाखान्यात आला, तर जाणता डॉक्टर दंशाची जागा बघतोच, पण त्याचा हात लगेच रुग्णाच्या तळपायाकडे जातो. पाय गार पडलेत, अंगाला दरदरून घाम आहे, उलट्या चालू आहेत असं दिसलं की प्राझोसिनची गोळी दिली जाते. मुळात रक्तदाबासाठी वापरात असलेलं हे औषध विंचूदंशावरचा मुख्य उपाय कसं झालं, हा इतिहास बराचसा रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात घडला आहे.

विंचू सगळे सारखे नसतात. मोठी काळी इंगळी डसली की माणूस वेदनेने तळमळतो, पण बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही. आकाराने लहान असलेला लाल विंचू खरा घातक. लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात, दगडी गडग्याच्या फटीत, चपलेत तो दडून बसतो. अंधारात अनवाणी चालणारा शेतकरी किंवा जमिनीवर झोपलेलं लेकरू त्याच्या तावडीत सापडतं. आणि यात फसवी गोष्ट अशी, की गंभीर विषबाधा झालेल्या कित्येक रुग्णांना दंशाच्या जागी फारशी वेदना नसते. वेदना नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, मंत्र घालून विंचू उतरवणाऱ्याकडे जातात, आणि तेवढ्यात काही तास निघून जातात.

ही माणसं नेमकी कशाने मरतात, याचा उलगडा व्हायला वेळ लागला. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरण्याविषयी लिहिलं. पुढे इस्रायलमध्ये गुएरॉन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या हृदयावर होणारे परिणाम अभ्यासले. म्हणजे घाव हृदयावर बसतो हे कळू लागलं होतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता झोळीतून आणलेल्या मुलाला काय द्यायचं, हा प्रश्न तसाच होता.

१९७६च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचूदंशावर अॅट्रोपिन, स्टिरॉइड, अॅलर्जीची औषधं, गुंगी आणणारी इंजेक्शनं असं जे हाताशी असेल ते दिलं जाई. रुग्ण तरीही दगावत. बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून तपशीलवार टिपणं ठेवायला सुरुवात केली: नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, हातापायांचं तापमान, दर काही वेळाने. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, घाम, लाळ, आणि मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा. मग हातपाय गार आणि रक्तदाब चढलेला. त्यानंतर खोकला, धाप आणि तोंडातून गुलाबी फेस. पहिल्या टप्प्यातली चिन्हं ओळखली तर पुढचं संकट काही तास आधी कळतं, ही त्यातली मोलाची गोष्ट. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निरीक्षण छापलं. महागडं यंत्र त्यात एकही नव्हतं, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वात आदर वाटतो तो याच टप्प्याचा.

शरीरात घडतं ते असं. विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात आणि अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळतात. म्हणूनच पाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. अॅट्रोपिनने नाडी आणखी धावते, म्हणजे दमलेल्या हृदयावरच पुन्हा ओझं. गरज होती ती वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते गुणकारी ठरलं, पण ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यावं लागतं, प्रकाशापासून झाकावं लागतं, आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. अतिदक्षता विभाग नसलेल्या गावात हे जमायचं कसं? प्राझोसिन नेमक्या त्याच आवळलेल्या वाहिन्या सैल करतं, शिवाय गोळीच्या रूपात मिळतं आणि स्वस्त आहे. १९८६ साली त्याच्या वापराचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. बावस्करांच्या नोंदींनुसार आधी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो: निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना काहीच नाही, अशी चाचणी झाली कुठे? मला वाटतं, एवढा फरक डोळ्यांपुढे असताना तशी चाचणी करणं अन्यायाचं झालं असतं. चाचणीचा योग्य प्रश्न पुढे आला तो परळच्या हाफकिन संस्थेकडून लाल विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे दंश झाल्यावर द्यायचं प्रतिविष, मिळू लागल्यावर. विष एकदा अॅड्रेनालिनचा लोंढा सोडून मोकळं झालं, की नंतर दिलेल्या लशीचा उपयोग काय, अशी शंका होती. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी केली: ३५ जणांना प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनबरोबर लसही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८ निघाले, तर दुसऱ्या गटात ३२. हे २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत लहान मुलांवर झालेल्या चाचणीचा कौलही लशीच्या बाजूने गेला.

लस सगळीकडे हाताशी नसते, म्हणून गोळीचं महत्त्व आजही तेवढंच आहे. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा दिली जाते. १५ किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या गोळीचा जेमतेम अर्धा भाग. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, उठवून बसवायचं नाही. नाहीतर रक्तदाब एकदम खाली येतो. आणि गोळी साधी हवी. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मिळणारी, हळूहळू विरघळणारी गोळी इथे चालत नाही. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांच्या कपाटात साधी गोळी आहे की नाही, हे पावसाळ्याआधीच बघून ठेवायला हवं.