यूएसबीमुळे स्टेप चुकत नाहीत
छंदासाठी सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञांवर कापणारे, कोरणारे यंत्र) चालवणाऱ्यांमध्ये एक समज अनेक वर्षे टिकून आहे: यूएसबीवर वेळेची खात्री नसल्याने स्टेपर मोटरच्या स्टेप (ती ज्या छोट्या ठरावीक टप्प्यांनी फिरते ते) चुकतात, म्हणून पॅरलल पोर्टचा (पूर्वी प्रिंटर जोडायचे ते रुंद सॉकेट) जुना संगणकच हवा. हा समज निराधार नव्हता. मॅक ३ हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टवर वापरताना प्रत्येक स्टेपचा विद्युत स्पंद संगणक स्वतः निर्माण करत असे आणि विंडोज क्षणभर अडखळले तरी मोटरला ते जाणवे.

आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे स्पंद बोर्डावरचा १६ मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर तयार करतो. यूएसबीवरून फक्त जी-कोडच्या (हालचालींच्या लेखी आज्ञांच्या) ओळी येतात, त्या १२८ बाइटच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) थांबतात आणि पुढील काही हालचालींचे नियोजन आधीच झालेले असते. ओळी उशिरा आल्या, तर यंत्र मंदावते किंवा अडखळते, पण जागा विसरत नाही.

मग काम अर्ध्यावर का तुटते? माझ्या मते पहिला संशय स्पिंडलच्या (कापणारे टूल फिरवणाऱ्या भागाच्या) मोटरमधून उठणाऱ्या विद्युत गोंगाटावर घ्यावा. स्पिंडल बंद ठेवून, टूल वर उचलून तीच फाइल हवेत चालवावी. ती निर्विघ्न पार पडली, तर संशय बळावतो; मग आखूड, शील्ड असलेली यूएसबी केबल वापरावी, तिच्यावर फेराइट (गोंगाट शोषणारे कडे) बसवावे आणि ती स्पिंडलच्या वायरींपासून दूर न्यावी. विंडोजमधील यूएसबीची वीजबचतही बंद करावी. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: उनोशी पुन्हा जोडणी करताच बोर्ड सहसा रीसेट होतो, त्यामुळे होमिंग (यंत्राला आपली मूळ जागा पुन्हा शोधायला लावणे) केल्याशिवाय काम पुढे चालू करू नये.