वर रेह, खाली कंकर: मैनपुरीच्या ऊसर जमिनीची गोष्ट

उत्तर प्रदेशातल्या मैनपुरी जिल्ह्यात दिवसभर शेतं तुडवली तरी पायाला दगड लागत नाही. गंगा आणि यमुना यांच्यामधल्या या दुआबात शेकडो मीटर खोलपर्यंत नुसता गाळ आहे. आपल्याकडे विहीर खणताना मुरूम लागतो, मग कातळ. इथे वाळू आणि चिकणमाती यांचे थर एकाखाली एक लागत जातात. जमीन आग्नेयेकडे किलोमीटरमागे जेमतेम 20 ते 30 सेंमी उतरते. डोळ्यांना सगळं सपाट दिसतं, पण कुठे काय पिकेल हे इथे हात-दोन हात उंचीवर ठरतं.

वस्ती उंचवट्यावर असते. मातीची घरं पिढ्यान्पिढ्या पडली, त्यांच्यावरच नवी बांधली गेली, तसा हा उंचवटा वाढला. त्याला खेडा म्हणतात. घरांसाठी माती जिथून काढली तो खड्डा म्हणजे गावची पोखर. पावसाळ्यात ती भरते; मग म्हशी डुंबतात, शिंगाडा लावतात. गावाला लागून असलेली शेतं म्हणजे गौहान, त्यापलीकडचा मंझा, शिवेकडचा बरहा. शेणखत डोक्यावरून न्यायचं, म्हणून गौहानला सर्वांत जास्त मिळायचं. एकोणिसाव्या शतकातल्या महसूल मोजणीतही या पट्ट्यांना वेगवेगळे दर लावलेले आढळतात. मातीचेही प्रकार आहेत: गव्हाला उत्तम ती दुमट, भाताला धरणारी चिकण मटियार, काली नदीकडची रेताड ती भूड. आणि जिथे काहीच उगवत नाही ती ऊसर.

ऊसर म्हणजे मराठी शेतकऱ्याच्या भाषेत चोपण. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पूड फुलते, ती रेह. रेहमध्ये मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असतात. म्हणूनच धोबी तिने कपडे धूत आणि काच करणारे तिचा क्षार वापरत. त्याच जमिनीत साधारण मीटरभर खाली चुन्याच्या गाठींचा थर सापडतो, तो कंकर. पूर्वी दुआबातले पक्के रस्ते याच कंकरचे असत. रेह आणि कंकर ही एकाच पाण्याची दोन अपत्यं आहेत, आणि हे समजलं की ऊसर सुधारायची कशी हेही समजतं.

हिमालयातून आलेल्या गाळातली खनिजं पाण्यात झिजतात आणि कॅल्शियम व सोडियमचे बायकार्बोनेट सुटतात. इथे पाऊस साधारण 700 मिमी, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी सखल भागात साचतं आणि उरलेलं वर्षभर आटत राहतं. आटताना कॅल्शियम आधी चुना बनून खाली बसतो, तो कंकर होतो. सोडियम मात्र विरघळलेलाच राहतो, मातीच्या कणांना चिकटतो आणि बाष्पीभवनाबरोबर वर येऊन रेह बनतो. कालव्यांनी यात भर घातली. 1854 मध्ये वरचा आणि 1878 मध्ये खालचा गंगा कालवा सुरू झाला. जिथे पाझरानं भूजल वर आलं आणि निचऱ्याची वाट बुजली, तिथे रेहही वर आली.

सोडियम चिकटला की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात आणि छिद्रं बुजतात. वर पाणी तुंबलेलं असतं आणि वीतभर खाली माती कोरडी. सामू (पीएच) 10 च्याही वर जातो, जस्त पिकाला मिळत नाही.

उपाय जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेट या खनिजाचा. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थेनं (स्थापना 1969) घालून दिलेली पद्धत 1993 पासून उत्तर प्रदेशच्या ऊसर सुधार प्रकल्पात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आधी मजबूत बांध आणि काटेकोर सपाटीकरण. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं: उंच राहिलेल्या ठिकाणी पाणी चढत नाही, क्षार तिथेच उरतो आणि भातात टकलासारखे चट्टे दिसतात. मग माती तपासून जिप्समची गरज काढायची. भातापासून सुरुवात असेल तर त्या गरजेच्या निम्म्यानं भागतं, ते बहुधा हेक्टरी 10 ते 15 टन भरतं. म्हणजे पक्क्या बिघ्याला (साधारण पाव हेक्टर) अडीच ते पावणेचार टन. बारीक दळलेलं जिप्सम पसरून वरच्या 10 सेंमीतच मिसळायचं. खोल नांगरून घातलं तर ते विरळ होतं आणि वरचा थर सुधारतच नाही. नंतर 10 ते 15 दिवस पाणी उभं ठेवायचं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली झिरपतो.

पहिलं पीक भातच घ्यावं. त्याला उभं पाणी चालतं, शिवाय त्याच्या मुळांच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइड मातीतला चुना थोडाथोडा विरघळवून आणखी कॅल्शियम मोकळा करतो. सीएसआर 30 किंवा सीएसआर 36 सारखे सोशिक वाण घ्यावेत. रोपं 30 ते 40 दिवसांची असावीत आणि एका चुडात चार लावावीत, कारण काही मरणारच. हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट द्यावं आणि नत्र नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त. भातानंतर गहू, केआरएल 210 सारखा. त्याला पाणी हलकं द्यावं. ते तुंबलं की गहू पिवळा पडतो. मग उन्हाळ्यात हिरवळीसाठी ढैंचा, म्हणजे आपली शेवरी जातीतली धैंचा. पहिली काही वर्षं जमीन पडीक ठेवू नये: पाणी वरून खाली जायचं थांबलं की क्षार खालून वर येतो. कूपनलिकेच्या पाण्यातच सोडियमचे बायकार्बोनेट जास्त असतील तर जिप्सम पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, म्हणून मातीबरोबर पाणीही तपासून घ्यावं.

शेतीला न परवडणाऱ्या ऊसरवर झाडं लावता येतात, पण साध्या खड्ड्यात लावलेलं रोप कंकरच्या थरावर अडकून दोन-तीन वर्षांत सुकतं. त्यासाठी ऑगरनं, म्हणजे जमिनीत भोक पाडणाऱ्या गिरमिटानं, 15 ते 20 सेंमी रुंद आणि 120 ते 140 सेंमी खोल भोक पाडून तो थर भेदावा लागतो. निघालेल्या मातीत 3 ते 5 किलो जिप्सम आणि 8 ते 10 किलो शेणखत मिसळून भोक भरायचं आणि त्यात बाभूळ किंवा झाऊ लावायचं.

मात्र प्रत्येक सखल जागा सुधारायच्या यादीत घालू नये. मैनपुरी आणि इटावा इथल्या उथळ दलदली सारस क्रौंचाचे मोठे आसरे आहेत. पावसाळ्यात हा पक्षी उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. ऊसरचा निचरा करणारी चर थेट अशा दलदलीतून काढली, तर पाणी लवकर ओसरतं आणि कुत्रे चालत घरट्यापर्यंत पोचतात. चर दलदलीच्या कडेनं वळवून नाल्यात सोडली, तर शेतही निचरतं आणि घरट्याभोवतीचं पाणीही टिकतं.