सरकत्या जबड्याचा पाना आणि त्याचे लॉक : पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमागाच्या खात्यात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात जॉबरची, म्हणजे यंत्रे जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराची, हत्यारांची पेटी उघडली, तर तिच्यात डबल पाने आणि रिंग पाने असतातच. पण त्यांच्या जोडीला एक स्क्रू पानाही बहुधा असतो. त्याचा एक जबडा पक्का आणि दुसरा सरकता असतो, आणि अंगठ्याने फिरकी फिरवली की मधले अंतर हवे तसे कमी-जास्त करता येते. गेल्या काही वर्षांत याच पान्याचे लॉक असलेले प्रकार बाजारात दिसू लागले आहेत. एकदा माप लावले की बटण सरकवायचे, मग जबडा त्या जागेवरून हलत नाही, असा त्यांचा दावा असतो. ही सोय नवीन वाटते. परंतु सरकता जबडा जागच्या जागी अडकवून ठेवण्याचा प्रश्न या हत्याराइतकाच जुना आहे. जबडा हाताने सहज सरकला पाहिजे आणि जोर लागल्यावर तसूभरही सरकता कामा नये, या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. दोन शतकांहून अधिक काळातील बहुतेक सगळ्या रचना म्हणजे या दोहोंचा मेळ घालण्याचे वेगवेगळे प्रयत्न आहेत.

लॉक हे स्क्रूच्याही आधीचे आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये घोडागाड्यांच्या चाकांचे नट काढण्यासाठी सरकत्या जबड्याचे पाने तयार होत असत आणि ते उत्तर अमेरिकेतही पाठवले जात. त्या काळी नटांची मापे ठरलेली नव्हती. ज्या लोहाराने गाडी घडवली, त्याच्या हाताला आले ते माप. म्हणून सरळ दांड्यावर जबडा सरकवून नटाला भिडवायचा आणि मागून पाचर ठोकून तो पक्का करायचा, अशी ती रचना होती. पाचर ठोकल्यावर जबडा आणि दांडा एकमेकांवर घट्ट दाबले जात आणि मधली फट उरत नसे. पकड म्हणून पाहिले तर ही रचना उत्तम होती. तिची अडचण वेगळीच होती : प्रत्येक नव्या नटासाठी पाचर सैल करा, जबडा सरकवा, पुन्हा ठोका, आणि एवढ्यासाठी दुसऱ्या हातात हातोडा बाळगा.

पाचरेच्या जागी स्क्रू आला तो हा वेळ वाचवण्यासाठी. आधी दांड्याची मूठ पिळून आतला स्क्रू फिरवण्याचे प्रकार निघाले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील सॉलीमन मेरिक याने १८३५ मध्ये अशा पान्याचे पेटंट घेतले. मात्र मूठ पिळायची तर दुसऱ्या हाताने पाना धरावा लागे. ही उणीव लॉरिंग कोज याने दूर केली. सोलापूरकरांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे कोज हा मुळात वस्त्रोद्योगाच्या यंत्रांशी निगडित होता. तो आणि त्याचा भाऊ लोकरीच्या कताईची यंत्रे बनवीत. १८३९ मध्ये त्यांचा कारखाना आगीत गेला. त्यानंतर दोघांनी स्प्रिंगफील्डच्या एका ओतशाळेत लाकडी साचे घडवण्याचे काम धरले, आणि तेथे या पान्याची कल्पना आकाराला आली. १८४१ च्या पेटंटमध्ये त्याने स्क्रू दांड्याला समांतर बसवला आणि तो फिरवण्याची फिरकी मुठीच्या वरच्या टोकाशी आणली. त्यामुळे ज्या हाताने पाना धरला आहे, त्याच हाताच्या अंगठ्याने माप लावता येऊ लागले. एका हाताला मोकळीक मिळणे ही यंत्राच्या आत वाकून काम करणाऱ्या माणसासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे मागाखाली आडवे होऊन काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

इंग्लंडमध्ये याच सुमारास रिचर्ड क्लायबर्न या अभियंत्याचा स्क्रू पाना पुढे आला. तेथे या हत्याराचे श्रेय बहुधा त्यालाच दिले जाते. त्याच वर्षांत मँचेस्टरमध्ये दुसरे एक काम चालू होते आणि वरवर पाहता ते स्क्रू पान्याची गरजच संपवणारे होते. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला दर इंचामागे किती आटे असावेत हे निश्चित करून एक पद्धती मांडली, आणि ब्रिटिश कारखान्यांनी ती स्वीकारली. नटांची मापे ठरली की ठरीव मापाचा पाना पुरेसा व्हायला हवा होता. तसे झाले नाही, कारण प्रमाण एकच राहिले नाही. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांच्या आट्यांची वेगळी पद्धती सुचवली आणि युरोप खंडात मिलिमीटरचे आटे रूढ होत गेले. खुद्द ब्रिटिशांनीही दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टवरचा नट एका मापाने लहान केला.

सोलापुरात हे सगळे थर एकावर एक साचलेले आहेत. १८६० मध्ये येथे रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. या सर्वांबरोबर आलेली ब्रिटिश यंत्रसामग्री व्हिटवर्थच्या इंची आट्यांची होती, आणि चादरी-टॉवेल विणणारे साधे यंत्रमागही इंग्लंडमधील लँकेशायरच्याच घडणीवरून आलेले आहेत. पुढे भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. मोटारी, गिअर आणि नवे सुटे भाग मिलिमीटरमध्ये येऊ लागले. परिणामी एकाच मागावर ‘चार सुती’ म्हणजे अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट असेल, तर त्याच्या जुन्या नटाला सुमारे २३.३ मिलिमीटरचा पाना लागतो, युद्धकाळानंतरच्या लहान नटाला २०.८ मिलिमीटरचा, आणि शेजारीच कोणी बसवलेल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला १९ किंवा १८ मिलिमीटरचा. तिन्ही बोल्ट नजरेला जवळपास सारखेच दिसतात. ज्या शहरात जुने यंत्र मोडीत न काढता दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालवले जाते, तेथे स्क्रू पाना हा आळशी माणसाचा पाना आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मापांच्या या मिश्रणावर तो एक प्रामाणिक तोडगा आहे.

आज आपण जो स्क्रू पाना वापरतो त्याचे रूप मात्र स्वीडनमध्ये ठरले. योहान पेटर योहान्सन याने १८८० च्या दशकात एन्कोपिंग या गावी कार्यशाळा काढली, १८८८ मध्ये पाइप पान्याचे आणि १८९२ मध्ये स्क्रू पान्याचे पेटंट घेतले. पुढे ‘बाको’ या नावाने हे पाने जगभर गेले. योहान्सनने लांब स्क्रू दांड्यावरून काढून टाकला. त्याऐवजी सरकत्या जबड्याच्या बुडाला दातेरी पट्टी दिली आणि तिच्यात अडकणारी आखूड, आटेदार फिरकी पान्याच्या डोक्यातच बसवली. त्यामुळे हत्यार सडपातळ झाले आणि अडचणीच्या जागेत शिरू लागले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन येथे कार्ल पीटरसन याने १९०७ मध्ये स्थापन केलेल्या क्रेसेंट कंपनीने हेच रूप तिकडे इतके रुळवले की कंपनीचे नाव हत्यारालाच पडले.

या रचनेत वेगळे लॉक दिसत नाही, तरी लॉक आहेच. फिरकीवरील आट्यांचा चढ अगदी कमी असतो. तेल लागलेल्या पोलादावर पोलाद घासताना जे घर्षण होते, त्याच्या हिशेबाने सहा ते आठ अंशांपेक्षा कमी चढाचा आटा उलट बाजूने ढकलून फिरवता येत नाही. म्हणजे फिरकी जबड्याला सरकवू शकते, पण जबडा कितीही जोराने ढकलला तरी फिरकीला फिरवू शकत नाही. नटाचा सगळा जोर या साध्या नियमावर तोलला जातो, आणि माझ्या मते योहान्सनच्या रचनेचे खरे मोठेपण येथेच आहे.

तरीही दोन दोष राहिले. फिरकी जबड्याच्या दाबाने फिरत नसली, तरी एका नटावरून दुसऱ्या नटावर जाताना अंगठ्याचा, बोटाचा किंवा मागाच्या चौकटीचा धक्का लागून ती थोडीशी फिरते, आणि लावलेले माप बिघडते. एकाच मापाचे अनेक नट ओळीने आवळायचे असले की हा त्रास दर नटाला होतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फिरकीचे आटे आणि पट्टीचे दात यांच्यामध्ये, तसेच जबडा आणि त्याची खाच यांच्यामध्ये, सरकण्यापुरती मोकळीक ठेवावीच लागते. या मोकळिकीला कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात. खूप वापरलेला पाना उजेडात धरून पाहिला तर हे स्पष्ट दिसते : पट्टीचे सगळे दात सारखे झिजलेले नसतात, नेहमीच्या मापाशी येणारे दोन-तीन दातच चपटे झालेले असतात, खाचेचे ओठ किंचित फाकलेले असतात, आणि जबडा टोकाला धरून हलवला तर तो पुढे-मागे डुलतो. असा पाना नटावर ठेवून जोर दिला की जबडा आधी तिरका होतो, नटाच्या सपाट बाजूऐवजी कोपऱ्यावर टेकतो, कोपरे मारले जातात, नट गोल होतो आणि पाना सटकून बोटे चौकटीवर आपटतात. म्हणूनच जोर नेहमी पक्क्या जबड्यावर यावा आणि पाना सरकत्या जबड्याच्या दिशेने ओढावा, ही जुन्या जॉबरांची शिकवण आहे.

पहिल्या दोषावर, म्हणजे माप पटकन लावणे आणि ते टिकवणे यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत पेटंटांचा जणू पूर आला. काहींनी स्क्रू काढून दांड्यावर दाते पाडले आणि जबड्यात स्प्रिंगची खिटी बसवली. अंगठ्याने खिटी दाबली की जबडा सरसर सरकतो आणि सोडली की ती दातात अडकते. ही रचना वेगवान होती, पण जबडा दात ठेवतील तेथेच थांबे. नटाचे माप दोन दातांच्या मध्ये पडले की फट राहिली. काहींनी जबड्यात स्क्रूला धरणारा अर्धाच नट बसवला : कळ दाबली की तो स्क्रूच्या आट्यांतून बाहेर पडतो आणि जबडा मोकळा होतो, कळ सोडली की पुन्हा आट्यांत बसतो आणि पुढचे बारीक माप फिरकीने लावता येते. आणखी एका प्रकारात जबडा मुद्दाम सैल ठेवला जाई, जेणेकरून जोर आल्यावर तो दांड्यावर तिरका होऊन स्वतःच अडकावा. सुताराचा सरकता शिकंजा याच तत्त्वावर घट्ट राहतो. येथे जोरच लॉकचे काम करतो. मात्र जोर सुटताच जबडाही सुटतो, त्यामुळे माप टिकवण्यासाठी ही रचना उपयोगाची नाही.

याच काळात पकड टिकवण्याचा प्रश्न दुसऱ्या अंगाने सोडवणारी दोन हत्यारे आली. नेब्रास्का राज्यातील डी-विट गावचा डॅनिश वंशाचा लोहार विल्यम पीटरसन याने १९२४ मध्ये पकडीला, म्हणजे प्लायरला, तरफेचे लॉक दिले. मुठी आवळल्या की तरफेचे सांधे सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जातात आणि हात काढला तरी पकड सुटत नाही. आपल्याकडे ‘व्हाइस ग्रिप’ या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. १९३३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील चॅम्पियन डीआर्मेंट कंपनीच्या हॉवर्ड मॅनिंग याने जबडा वक्र खाचांमध्ये एकेक पायरी सरकवण्याची पकड तयार केली. तीत जोर सांध्याच्या पिनेवर न येता खाचेच्या भिंतीवर येतो. दोन्ही हत्यारे उपयुक्त आहेत, पण त्यांचे दातेरी जबडे नटाच्या अंगावर ओरखडे उठवतात आणि चांगल्या नटासाठी ती वापरू नयेत.

आज बाजारात येणारे लॉकवाले स्क्रू पाने बहुतांशी योहान्सनच्या रचनेवरच एक भर घालतात. डोक्याच्या बाजूला किंवा फिरकीच्या मागे एक लहान बटण असते. ते सरकवले की एक पिन फिरकीच्या खाचेत जाऊन बसते आणि फिरकी फिरू शकत नाही. यामुळे पहिला दोष जातो. ओळीने एकाच मापाचे नट आवळताना माप ढळत नाही, ही खरी सोय आहे. पण दुसरा दोष तसाच राहतो. पिन फिरकीला अडवते, जबड्याला नाही. आटे आणि दात यांच्यातील प्ले जिथल्या तिथे असतो, आणि पिन एका खाचेतून दुसऱ्या खाचेतच बसू शकत असल्याने कधीकधी माप घट्ट लावूनही लॉक करताना ते किंचित सैल करावे लागते. प्ले घालवायचा असेल तर जबडा त्याच्या खाचेतच दाबून धरणारे लॉक हवे, मग ते पाचरेचे असो, आडव्या स्क्रूचे असो किंवा कळीने फिरणाऱ्या लंबगोल तुकड्याचे. म्हणजे गाड्यांच्या चाकांसाठी पाचर ठोकणाऱ्या लोहारांचे तत्त्वच येथे सरस ठरते. अशा रचना निघाल्या आहेत, परंतु त्यांच्यामुळे डोके जाड होते आणि किंमत वाढते, म्हणून त्या सर्रास दिसत नाहीत.

भारतात हातहत्यारांचा मोठा व्यवसाय जालंधर-लुधियाना परिसरात वाढला. महाराष्ट्रात नाशिकच्या तापडिया टूल्सने स्वीडिश तांत्रिक सहकार्याने १९६९ पासून उत्पादन सुरू केले, त्यामुळे स्क्रू पान्याच्या मायदेशाचे तंत्र आपल्या राज्यात आलेले आहे. सोलापूरच्या मागखात्यासाठी लॉकवाला पाना निवडताना मात्र कॅटलॉगमध्ये नसलेली एक बाब पाहावी लागते. खात्यातील हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात आणि ते तेलात मिसळून पिनेच्या छिद्रात दाबले गेले की स्प्रिंग पिनेला पूर्ण बाहेर ढकलू शकत नाही. बटण ‘लॉक’वर दिसते, पण पिन खाचेत अर्धवटच बसलेली असते. म्हणून पिनेचे छिद्र आरपार असलेला, तार घालून किंवा हवा मारून साफ करता येईल असा पाना येथे अधिक टिकतो, आणि धोट्याला (आडवा धागा नेणाऱ्या शटलला) फटका देणाऱ्या काठीकडचे नेहमी सैल होणारे नट आवळण्याआधी लॉक लावून फिरकी एकदा अंगठ्याने हलवून पाहणे आवश्यक ठरते.