लाल यादीतलं फूल आणि अनुसूचीतलं फूल

श्रावण-भाद्रपदात सडे आणि पठारं फुलू लागली की एक वाक्य दरवर्षी हमखास वाचायला मिळतं: ‘ही वनस्पती आययूसीएनच्या लाल यादीत असून ती तोडणं हा कायद्याने गुन्हा आहे.’ या वाक्याचे दोन्ही तुकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. मधल्या ‘असून’ने जोडलेलं नातं मात्र कुठेच नाही. लाल यादीत नाव आहे एवढ्यावरून भारतात कोणतंही फूल तोडणं गुन्हा ठरत नाही. उलट, गुन्हा ठरायला लाल यादीत नाव असावंच लागतं असंही नाही.

लाल यादी रानफुलांच्या वाटेला जाणाऱ्या बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून, कुठल्या जातीला किती धोका आहे हे सांगणारी ही यादी चालवते. जात किती वेगाने घटते आहे, किती क्षेत्रात उरली आहे, पक्व झाडं किती आहेत, अशा निकषांवर तिला वर्ग मिळतो. पक्व झाडं पन्नासहून कमी उरली असतील तर तेवढ्यावरही ‘अतिसंकटग्रस्त’ हा वर्ग लागू होतो. हे निदान आहे, आणि फार मोलाचं आहे. पण या यादीला ना पोलीस आहे, ना दंड, ना कलम. ‘आययूसीएनने बंदी घातली’ असं जो लिहितो, त्याने ही संस्था काय करते ते एकदा वाचलेलं बरं.

अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, ही निराळी गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मुळात त्यात झाडाझुडपांसाठी स्वतंत्र प्रकरण नव्हतं. १९९१ च्या दुरुस्तीने ‘विनिर्दिष्ट वनस्पती’ हे प्रकरण आलं आणि त्याबरोबर सहावी अनुसूची आली. तिच्यात नोंदी होत्या फक्त सहा: बेडोमचा सायकस, निळी वांडा (ऑर्किड), कुठ ही औषधी वनस्पती, लेडीज स्लिपर ऑर्किड, खासी टेकड्यांचं घटपर्णी आणि लाल वांडा. साऱ्या देशासाठी सहा! भारतात सपुष्प वनस्पतींच्या जाती अठरा हजारांच्या आसपास आहेत. प्राण्यांच्या अनुसूच्यांची पानंच्या पानं भरलेली होती, त्यामुळे बिबट्याच्या बाबतीत ‘कुठल्या अनुसूचीत?’ हा प्रश्न आपल्याला सहज सुचतो. फुलांच्या बाबतीत तो कोणी विचारतच नाही, कारण लाल यादीतच उत्तर मिळालं असं वाटतं.

२०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. वनस्पती आता तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अजूनही कोणी ‘सहावी अनुसूची’ म्हणून अर्ज लिहीत असेल तर तो जुना कायदा सांगतो आहे. यादीही वाढली, आणि वाढलेल्या नावांमध्ये एक नाव आहे नीलकुरिंजीचं. मुन्नारच्या डोंगरांवर बारा वर्षांतून एकदा फुलणारी ही कारवीची बहीण. २००६ मध्ये फुलली, मग २०१८ मध्ये. अनुसूचीत तिचं नाव आलं तेव्हा लाल यादीच्या आजच्या निकषांवर तिचं मूल्यमापन झालेलंच नव्हतं. ते २०२४ मध्ये झालं आणि तिला ‘असुरक्षित’ हा वर्ग मिळाला. म्हणजे कायदा आधी आला, लाल यादी मागून.

उलटं उदाहरण आपल्या घरचं आहे. शिंदळ माकुडी. जुन्नरजवळच्या डोंगरावरून डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून १८६५ मध्ये तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका ठेवलं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर, शेळीचं तोंड पोचणार नाही तिथे ती तगून आहे. एके काळी आययूसीएनने जगातल्या सर्वांत संकटग्रस्त बारा वनस्पतींमध्ये तिची गणना केली होती. जगातल्या बारांमध्ये! आणि १९९१ ते २०२३ या बत्तीस वर्षांत आपल्या सहाव्या अनुसूचीच्या सहांमध्ये तिचं नाव नव्हतं. कंदीलपुष्पांचंही तेच. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातलं सेरोपेजिया लॉई, पाचगणीच्या नावाचं सेरोपेजिया पंचगणिएन्सिस अशा कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. त्या नळकांड्यासारख्या फुलात माशी काही काळ अडकते, आतले केस सुकले की परागकण घेऊन सुटते. एवढी गुंतागुंतीची घडण, आणि त्या सहा नोंदींमध्ये एकाही कंदीलपुष्पाला जागा नव्हती.

इथपर्यंतचा घोळ वाचून समजतो. पण माणसं पुन्हा पुन्हा आपटतात ती पुढच्या पायरीवर, म्हणून तिथे सावकाश थांबतो.

समजा नाव अनुसूचीत सापडलं. मग ते फूल सगळीकडे सुरक्षित झालं का? नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम १७-अ मध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचणारा त्या एकत्र करून टाकतो. पहिली गोष्ट तोडण्याची: जाणूनबुजून खुडणं, उपटणं, इजा करणं, नष्ट करणं, गोळा करणं. हा मनाई हुकूम वनजमिनीला आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्राला लागू आहे. ‘वनजमीन’ हा शब्द कलमातच आहे. दुसरी गोष्ट जवळ बाळगण्याची, विकण्याची, भेट देण्याची, वाहून नेण्याची. तिथे जमिनीची अट नाही. वनस्पती जिवंत असो वा वाळलेली, तिचा तुकडा असो वा अर्क, ती कुठेही सापडली तरी प्रश्न उभा राहतो.

याचा अर्थ नीट बघा. अनुसूचीतली वनस्पती खासगी सड्यावर उगवलेली असेल आणि मालकाने जेसीबी लावून सडा खरवडला, तर तोडण्याचं पहिलं पोटकलम तिथे आपोआप लागू होत नाही. त्याच सड्यावरचे कंद पोत्यात भरून कोणी बाजारात नेले तर दुसरं पोटकलम लागू होतं. म्हणजे विक्रेत्याविरुद्ध हा कायदा धारदार आहे आणि जमीन उकरणाऱ्यापुढे बोथट. सह्याद्रीतल्या फुलांना आज खरा धोका कोणाचा आहे हे पठारावर पाऊल ठेवणाऱ्याला सांगावं लागत नाही. एखादा पर्यटक चार फुलं खुडतो तेव्हा आपण संतापतो, आणि शेजारच्या गटात जांभ्याची खाण सुरू होते तेव्हा ‘त्यांची जमीन आहे’ म्हणून गप्प बसतो.

दुसऱ्या टोकालाही हेच. फूल कुठल्याही अनुसूचीत नसलं तरी जागेमुळे त्याला संरक्षण मिळू शकतं. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये ‘वनोपज’ या शब्दाखाली वनातून आलेली पानं, फुलं, गवत, वेली, शेवाळही येतं, आणि राखीव वनातून वनोपज गोळा करणं किंवा नेणं कलम २६ खाली गुन्हा आहे. कासचं पठार राखीव वन आहे. तिथलं साधं सीतेची आसवं हे फूल खुडणंसुद्धा नियमबाह्य आहे, ते लाल यादीत असो वा नसो. अभयारण्यात तर वन्यजीव कायद्याचं कलम २९ आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘वन्यजीव’ या शब्दात अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही मोडते. कोयना, राधानगरी अशा ठिकाणी फुलाला वेगळं नाव लावून वाचवायची गरजच पडत नाही.

म्हणून मी कोणालाही सांगताना क्रम बदलतो. आधी जमीन, मग नाव. तुमच्या समोरच्या कड्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? राखीव वन, अभयारण्य, गायरान, की खासगी गट? एवढं कळलं की निम्मं उत्तर मिळतं. माझं ठाम मत आहे की जातींची यादी लांबवण्यापेक्षा जागा वाचवण्यावर जोर द्यावा. शिंदळ माकुडी अनुसूचीत गेली आणि कडा फोडला गेला, तर त्या नोंदीचं काय करायचं?

आता घरी लावण्याविषयी. ‘संकटात आहे म्हणून मी एक रोप आणून कुंडीत जपलं’ हे वाक्य अनुसूचित वनस्पतीबाबत अतिशय महागात पडू शकतं. अशा वनस्पतीची लागवड आणि व्यवहार परवान्याशिवाय करता येत नाही. संशोधनासाठी किंवा वनस्पती-संग्रहालयासाठी नमुना हवा असेल तरी राज्य सरकारच्या पूर्वसंमतीने मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचवीस हजारांचा आकडा सांगितला जातो तो २०२२ च्या दुरुस्तीआधीचा. त्याच कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला आपल्या जिल्ह्यात स्वतःच्या खऱ्याखुऱ्या वापरापुरती अशी वनस्पती गोळा करण्याची मोकळीक आहे. कंद खणणाऱ्या कातकरी बाईवर कॅमेरा रोखून तिला कायदा शिकवणाऱ्यांनी हे परंतुक जरूर वाचावं.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, पटकन निपटतो. साइट्स हा करार फक्त देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यापारापुरता आहे. दुरुस्त वन्यजीव कायद्यात त्यासाठी चौथी अनुसूची आहे. ‘दुर्मिळ’, ‘प्रदेशनिष्ठ’ आणि ‘संकटग्रस्त’ हे तीन वेगळे शब्द आहेत. सह्याद्रीत भरभरून उगवणारी कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते म्हणून ती दुर्मिळ होत नाही, तिचा फुलोरा दुर्मिळ असतो. आणि लाल यादीत ‘मूल्यमापन झालेलं नाही’ याचा अर्थ ‘सुखरूप आहे’ असा नव्हे. सह्याद्रीतल्या पुष्कळ जाती अजून कोणी त्या निकषांवर मोजलेल्याच नाहीत.

एक गोंधळ मात्र किरकोळ नाही, कारण शब्दच फसवतो. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३८ खाली केंद्र सरकार राज्याशी सल्लामसलत करून नामशेष होण्याच्या मार्गावरच्या जाती अधिसूचित करू शकतं आणि त्यांच्या संकलनावर बंधन घालू शकतं. त्या कलमातही ‘संकटग्रस्त जाती’ असाच शब्द येतो. इथे मात्र त्या शब्दाला कायद्याचं बळ आहे. लाल यादीतला ‘संकटग्रस्त’ आणि कलम ३८ मधला ‘संकटग्रस्त’ हे नावाच्या सारखेपणापुरतेच भाऊ. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातली कैद काढून आर्थिक दंड ठेवला, तेव्हा ‘जैवविविधता कायद्याखाली तुरुंगात जाल’ ही धमकीही आता चुकीची आहे.

मग लाल यादीचा उपयोग काय? मोठा आहे. अनुसूचीचं दार वन्यजीव कायद्याच्या कलम ६१ ने उघडतं, त्याखाली केंद्र सरकार अनुसूचीत बदल करू शकतं, आणि ते ठोठावताना हातात पुरावा लागतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तचंदनाच्या प्रकरणात लाल यादीतल्या नोंदीची दखल घेतली आणि कलम ६१ खाली त्याला सहाव्या अनुसूचीत घेण्यासाठी सहा महिन्यांत पावलं उचला, असं केंद्राला सांगितलं. लाल यादी पुरावा म्हणून मांडली, तर ती अशी कामाला येते.

काही वर्षांपूर्वी एका डोंगराच्या कामाविरुद्ध आम्ही अर्ज दिला होता. उतारावर एका कंदीलपुष्पाचे वेल होते, फोटो जोडले, लाल यादीतला वर्ग ठळक अक्षरांत लिहिला. कार्यालयातल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘कुठल्या कायद्याचं कुठलं कलम?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं चुकलं नव्हतं. मग गट नंबर काढले. निम्मा उतार राखीव वनात निघाला. तिथे वनरक्षक आले, पंचनामा झाला. उरलेला निम्मा खासगी होता आणि तिथे वनखात्याला काही करता येईना. शेवटी तलाठ्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं की मुरूम काढायला गौण खनिजाचा परवानाच घेतलेला नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदारांकडे दुसरा अर्ज गेला आणि खोदाई थांबली. त्या दुसऱ्या अर्जात कंदीलपुष्पाचं नाव एकदाही नव्हतं.