एडिटरमधील लिंटिंग आणि बिल्ड यांचा मेळ

कोड लिहिताना एडिटर ज्या लाल-पिवळ्या नागमोडी रेघा ओढतो, त्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना, येणाऱ्या चुकांशी आणि इशाऱ्यांशी तंतोतंत जुळाव्यात यासाठीची मांडणी. कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणे म्हणजे लिंटिंग. ‘लिंट’ हे नाव १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे. कपड्यावरचे बारीक तंतू वेचावेत तसा तो कोडमधल्या संशयास्पद जागा वेचत असे.

सी किंवा सी प्लस प्लसची फाइल एकटी वाचून पुरती कळत नाही. हेडर (दुसरीकडे लिहिलेल्या नावांची ओळख देणारी फाइल) कोणत्या फोल्डरमधून घ्यायचे, कोणते मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये बदलून बसणारी नावे) लागू आहेत, भाषेचे कोणते मानक धरायचे, हे बिल्डच्या सूचना ठेवणाऱ्या मेकफाइलला किंवा सीमेक या साधनाला ठाऊक असते. एडिटर मात्र अंदाजाने चालतो. एक हेडर सापडले नाही, की त्यातले प्रत्येक नाव त्याला अनोळखी वाटते आणि अख्खी फाइल लाल होते. याच्या उलट प्रकार अधिक त्रासाचा: एडिटरमध्ये एकही रेघ नाही, आणि बिल्ड फुटतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, घणसोली, महापे येथे आयटी कार्यालये आहेत. घोडबंदर रोडवर घरी बसलेल्या प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर कंपायलरची (कोडचे प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाची) एक आवृत्ती आणि महाप्याच्या बिल्ड सर्व्हरवर दुसरी असेल, तर ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ठरलेलेच. खोट्या रेघा रोज पाहून नवशिका त्यांच्याकडे बघणेच सोडतो. खरी चूक मग त्याच गर्दीत दडते. सर्वांत मोठे नुकसान हेच.

खात्रीचा मार्ग एकच: एडिटरमध्ये वेगळी सेटिंग न ठेवता बिल्डलाच विचारणे. ईमॅक्स या एडिटरमधील फ्लायमेक हा तपासनीस त्यासाठी मेकफाइलमध्ये ‘चेक-सिन्टॅक्स’ नावाचे टार्गेट, म्हणजे नाव दिलेले काम, शोधतो. एडिटरला सी आणि सी प्लस प्लसच्या चुका दाखवणारा क्लँगडी प्रत्येक फाइलची कंपाइल आज्ञा ‘कंपाइल कमांड्स’ या जेसन फाइलमधून वाचतो. तसे सांगितल्यास ती सीमेक स्वतः तयार करतो, पण मुख्यतः मेकफाइल आणि निन्जा या जनरेटरांसाठी, म्हणजे सीमेक ज्यांच्यासाठी बिल्डच्या सूचना लिहून देतो त्या प्रकारांसाठी. सीमेकशिवाय नुसती मेकफाइल चालवणारा साधा मेक असल्यास बेअर हे साधन बिल्ड चालू असताना आज्ञा टिपून घेते. रस्ट या भाषेत ही अडचण कमी, कारण एडिटरला चुका दाखवणारा रस्ट-अ‍ॅनालायझर मुळातच रस्टच्या बिल्ड साधनाची ‘कार्गो चेक’ ही आज्ञा चालवतो. टाइपस्क्रिप्ट या भाषेसाठी व्हीएस कोड या एडिटरमध्ये सोबत आलेली आवृत्ती सोडून प्रकल्पातली आवृत्ती निवडावी लागते.

नवी फाइल जोडल्यावर किंवा ब्रँच (कोडची समांतर प्रत) बदलल्यावर ‘कंपाइल कमांड्स’ची जेसन फाइल शिळी होऊ शकते. तेव्हा ती पुन्हा तयार करावी लागते.