आपत्कालीन वैद्यकीय स्वयंसेवकांच्या करसवलती

रुग्णवाहिका घेऊन अपघातस्थळी धावणाऱ्या, पण त्या कामाचा पगार न घेणाऱ्या स्वयंसेवकांना आयकरात किंवा घरपट्टीत मिळणारी सूट. अमेरिका आणि कॅनडा या देशांत ही पद्धत रुजलेली आहे. तिथल्या लहान गावांत आग विझवणे आणि रुग्ण नेणे ही कामे बऱ्याच ठिकाणी गावकरीच नोकरीधंदा सांभाळून करतात. नवी माणसे मिळेनात, जुनी टिकेनात आणि पगारी पथक ठेवणे गावाला परवडेना, तेव्हा करसवलत हा स्वस्त उपाय ठरला.

न्यूयॉर्क राज्यात २००७ पासून अग्निशमन व रुग्णवाहिका स्वयंसेवकांना वर्षाला २०० डॉलर आयकर-सवलत मिळते. पती-पत्नी दोघेही सेवेत असून एकत्र विवरणपत्र भरत असतील तर ४००. वर्षभर राज्यात वास्तव्य आणि वर्षभर सक्रिय सेवा, या मुख्य अटी. देय कर शून्य असला तरी रक्कम हाती पडते, हे तिचे वैशिष्ट्य. आठवड्याला बारा तासांची एक पाळी धरली, तर तासाला अर्धा डॉलरही पडत नाही; तेव्हा हा मोबदला नव्हे, फार तर मान. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने गावे, काउंटी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) व शाळा-जिल्ह्यांना (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) स्वयंसेवकाच्या राहत्या घराच्या करपात्र मूल्यात १० टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा मिळाली. किमान सेवा किती हवी, हे स्थानिक संस्थेने दोन ते पाच वर्षांच्या मर्यादेत ठरवायचे. घरपट्टीतली सूट घेणाऱ्याला आयकरातली सवलत मात्र मिळत नाही.

यात एक गमतीदार पेच होता. सेवेच्या बदल्यात घरपट्टी माफ झाली, तर ती माफी हेच उत्पन्न मानून अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यावर कर लावायचा का? २००७ च्या कायद्याने २००८ ते २०१० या वर्षांपुरती अशी सूट करमुक्त केली, शिवाय सेवेच्या दर महिन्यामागे ३० डॉलरपर्यंतचे मानधनही. मग मुदत संपली. २०२० साठी तरतूद पुन्हा आली, मानधनाची मर्यादा ५० डॉलर झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती कायम झाली. सेवेसाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्याला मैलामागे १४ सेंट दानखर्च म्हणून वजा करता येतात. दिलेल्या वेळेची वजावट मात्र नाही.

कॅनडात २०११ पासून अग्निशमन स्वयंसेवकांना आणि २०१४ पासून शोध-बचाव स्वयंसेवकांना वर्षाला किमान २०० तास सेवेवर कर-सवलत आहे. २०२४ मध्ये तिची आधाररक्कम, म्हणजे जिच्यावर सवलत मोजतात ती रक्कम, ३,००० वरून ६,००० डॉलर झाली. रुग्णवाहिकेवरचे स्वयंसेवक तीत बसत नाहीत. सार्वजनिक संस्थेकडून मिळालेल्या मानधनातले पहिले १,००० डॉलर करमुक्त, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. आग विझवणारा आणि रक्तस्राव थांबवणारा यांच्यातला हा भेद पटणारा नाही.

भारताच्या आयकर कायद्यात अशा स्वयंसेवकांसाठी वेगळी वजावट नाही. इथे सूट आहे ती सेवेला: रुग्णवाहिकेतून रुग्ण नेण्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. कोविडकाळात, जून २०२१ मध्ये, रुग्णवाहिकेच्या खरेदीवरील हा कर २८ वरून १२ टक्क्यांवर आणला गेला, तोही ३० सप्टेंबरपर्यंतच.